खोट्या दिवाळीचा चीजकेक

आमच्या घरी दिवाळी खोटी होती. तन्वी, ईशान, तुमच्या आजीचं हे वाक्य तुम्हाला एकदम कळायचं नाही, म्हणून आधी तेच सांगते. आमच्या भागात एखाद्या सणाच्या दिवशी घरात कुणी गेलं, तर तो सण त्या घराला खोटा होतो. मग त्या सणाला त्या घरात कढई चढत नाही, गोड रांधत नाहीत, दारात रांगोळी पडत नाही. पुढे कधी त्याच सणाच्या दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात गाय व्याली, तर सण पुन्हा खरा होतो. आमच्या भालकीच्या भाड्याच्या घराला गोठा नव्हता. गायही नव्हती. अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे, आणि कधीतरी कडवट थट्टा करायचे, "ज्या गणिताची किल्लीच आपल्याकडं न्हाई, ते सोडवायचं कसं?"

माझा धाकटा भाऊ शेखर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तापात गेला. मी तेव्हा शाळकरी होते. त्या तापातही त्यानं आईकडे करंज्या मागितल्या होत्या, म्हणून ती चुलीपाशी बसून तळत होती. अप्पांनी आतून हाक मारली. आई म्हणाली, "एवढा घाणा काढून येते." ती आली तेव्हा उशीर झाला होता. हे तिनं पुढे कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी काढलं नाही. गल्लीत मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर दिवाळी आली की कढई माळ्यावर जायची ती तुळशीचं लग्न झाल्यावरच खाली यायची. रीत फक्त त्या सणापुरती होती. आईनं आपल्यासाठी ती लांबवली. कोजागिरीनंतर ती चहाही बिनसाखरेचा प्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला गोड सोसत न्हाई आताशा." वैद्यानं सांगितल्यासारखं.

त्या दिवसांचे आवाज अजून कानात आहेत. शेजारच्या घरांतून चकल्या तळल्याचा चर्र आवाज, खलबत्त्यात वेलदोडे कुटल्याचा आवाज, बसस्टँडवरून कंडक्टरची "उदगीर, उदगीर, उदगीर" अशी एकसुरी ओरड. आणि आमच्या घरात परातीत भाकरी थापल्याचा तेवढा आवाज. तुरीचं घट्ट वरण, ज्वारीची भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या बायका फराळाची ताटं आणून द्यायच्या, कारण दुसऱ्याच्या घरचं खाल्लेलं चालतं. आई ताट घ्यायची, बोलायची, हसायचीसुद्धा, आणि ताट जसंच्या तसं माझ्यापुढे सरकवायची. मी खायचे. भूक लागायची त्या वयात. पण कुणाच्या तरी नजरेसमोर चकली कुरकुरीत चावणं किती अवघड असतं, ते मला त्या घरात कळलं.

पुढे मला गुलबर्ग्याला होम सायन्सच्या कॉलेजात घातलं. आता कलबुरगी म्हणायचं, पण माझ्या जिभेला ते वळण पडायचं नाही. तिथं आम्हाला पाककला शिकवायला मंगळूरकडच्या एक मिस होत्या. कडक इस्त्रीची साडी आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी एकदा चीजकेक शिकवला. चीज कुठून आणणार? म्हणून त्या म्हणाल्या, श्रीखंडाला करता तसा चक्का टांगा. खाली बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून दाबायचा, वर चक्का, साखर आणि डब्यातलं घट्ट दूध फेटून ओतायचं, आणि मंद आचेवर भाजायचं. त्यांच्या कृतीत अंडी होती. आमच्या घरात अंडं येत नव्हतं, म्हणून मी विचारलं, तर मिस म्हणाल्या, "मग बांधणार कसं? तूच शोध." एवढंच. तो तुकडा तोंडात घातला तेव्हा मला काय वाटलं हे आता आठवून लिहायला बसले, तर नीट आठवत नाही. इतकंच आठवतं की तो गोड होता, पण गोडासारखा नव्हता. आमच्या कुठल्याच सणात न बसणारा पदार्थ.

तुम्ही दोघं आता तुमच्या ओव्हनमध्ये काचेतून बघत चीजकेक भाजता. परवा तन्वीनं फोनवर दाखवला, मधोमध तडा गेलेला, आणि रडवेली झाली. तडा जातोच ग. आच जास्त झाली की जातो, घाईनं बाहेर काढला की जातो. मीही इतकी वर्षं करते आहे, बिदरच्या या घरातल्या छोट्या ओव्हनमध्ये, आणि माझ्याही दर दोनातल्या एकाला जातो. आता गुडघे धरतात म्हणून स्टुलावर बसून करते. करू नये असं रोज ठरवते.

मिसनी चीजकेक शिकवला त्याच वर्षी वैशाखात अक्काचं, माझ्या मोठ्या बहिणीचं, उदगीरला लग्न झालं होतं. लग्नानंतर तिला एकदाही माहेरी पाठवलं नव्हतं. आषाढात बोलावलं तर म्हणाले पेरणी आहे, पंचमीला बोलावलं तर म्हणाले सासूला बरं नाही. राहिला होता दिवाळसण. लग्नानंतरची पहिली दिवाळी मुलीच्या माहेरी, जावयाला बोलावून, अभ्यंगस्नान घालून, ओवाळून, गोडधोड करून साजरी करायची असते. तेवढ्यासाठी तरी तिला पाठवावंच लागणार होतं. मी सुट्टीला घरी आले तेव्हा त्यांच्याकडचे एक मामा निरोप घेऊन आले होते. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी पानाला चुना लावत लावत सांगितलं, "तुमच्या विहीणबाईंचं म्हणणं असं हाय, की तुमच्याकडं सणाला कढई चढत न्हाई. मग जावयाला काय कोरडं पान वाढणार? त्यापरीस सण आमच्याकडंच करू. पोरगी पुन्हा कधी येईल की. घाई कामून?"

अप्पा म्हणाले, "शेजारी करून देतेत. आणून वाढू."

"दुसऱ्याच्या ताटातलं?" मामा हसले. "पहिल्या सणाला? मास्तर, तुम्ही बी काय बोलायलात."

मामा गेल्यावर आई बराच वेळ त्यांच्या कपबशीकडे बघत बसली. मला वाटलं ती म्हणेल, चढवते कढई. तिच्या ओठांवर आलंही असेल. पण ती म्हणाली, "माझ्यानं हुणार न्हाई हो. पोरगी आली न्हाई तर मरून जाईन असं वाटायलंय, पण त्या दिवशी तेलात काही सोडायचं... माझे हातच उचलायचे न्हाईत."

तेव्हा मी चीजकेकचं नाव काढलं. का काढलं, कसं सुचलं, हे सांगता येणार नाही. मी म्हणाले, तळायचं नाही, चुलीवर ठेवायचं नाही, भट्टीत भाजून आणायचं. बस, एवढंच. पण अप्पांनी ते उचललं. त्यांच्यातला गणिताचा मास्तर बऱ्याच दिवसांनी जागा झालेला मी पाहिला. त्यांनी बोटांवर मोजत सिद्धता मांडली. "कढई चढायची न्हाई. न्हाईच चढत. चूल पेटवून गोड रांधायचं न्हाई. भाजणार भट्टीत, विस्तव आपला न्हाई. फराळात हे मोडतच न्हाई, ह्याला आपल्यात नावच न्हाई. आणि केलं कुणी? आपल्या पोरीनं. म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं न्हाई."

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पण गोड हाय का ते?"

अप्पा म्हणाले, "मूळ दहीच की ते. आंबटच म्हणायचं."

"आंबट आसंल तर चालंल," आई म्हणाली. "पण मी हात लावणार न्हाई, चव बघणार न्हाई. तुमचं तुम्ही करा."

तशा अटीवर अप्पांनी उदगीरला जाऊन त्या लोकांना दिवाळसणाचं आमंत्रण दिलं. आपली धाकटी लेक शहरात शिकलेला पदार्थ जावयाला करून घालणार आहे, असं सांगितलं. परत आले ते म्हणाले, "येतेत. विहीणबाई स्वतः येणार हायेत. बघायला."

मग सुरू झालं माझं भाजणं. भट्टी स्टेशनच्या रस्त्यावर होती. आमच्याकडे त्या काळी लोक नानकटाईचं पीठ घरी मळून, ट्रेमध्ये थापून भट्टीत न्यायचे, आणि भाजून झाल्यावर डब्यात भरून घरी आणायचे. भट्टी महमूदचाचांची. ते हैदराबादी दख्खनी बोलायचे. पहिल्या दिवशी माझा ट्रे बघून म्हणाले, "अम्माँ, दही कू बी भट्टीमें डालते क्या?" मी म्हणाले, "हौ चाचा." ते म्हणाले, "डालते तो डालते. पन बिगड्या तो मेरे कू नक्को बोलो." आणि लांब काठीच्या फळीनं ट्रे आत सरकवला.

बिघडलाच. अंड्याशिवाय तो बांधलाच गेला नाही; कडेला घट्ट आणि मधे कढीसारखा. अप्पांनी वाटीत घेऊन भाकरीबरोबर खाल्ला. दुसऱ्यात मी बारीक रवा घातला तर तो खांडवीसारखा झाला. तिसऱ्यात मक्याचं पीठ घातलं आणि भट्टीतली पावाची आच उतरल्यावर, मागाहून ठेवला. तो जमला. मग मी धीट झाले. एक गुळाचा केला. आमचा तालुका उसाचा, गूळ काळसर आणि वासाचा. त्याचा रंग विटेसारखा आला, पण जायफळ घातल्यावर तोच सगळ्यांत चांगला लागला. एक खजुराचा केला, तो फार जड झाला. एक सीताफळाचा. दिवाळीला आमच्याकडे सीताफळांच्या पाट्या येतात. बिया काढता काढता माझी बोटं काळी पडली, आणि गर चक्क्यात मिसळून भाजला तर कडू झाला. सीताफळाला आच सोसत नाही, हे तेव्हा कळलं. पुढच्या वेळी साधा भाजून, गार करून, वर नुसता गर पसरला. चाचा म्हणायचे, "रोज नवा तमाशा." पण तेही बोटानं चाटून बघायचे.

आई यातलं काही बघत नव्हती. म्हणजे बघत होती. मी चक्का टांगला की दोरीची गाठ सैल आहे का ते जाता जाता ओढून बघायची. बिस्किटं वरवंट्यानं चुरताना मी पाट्याबाहेर सांडलं की म्हणायची, "पसारा किती करायलीस ग," आणि स्वतःच झाडून घ्यायची. एकदा तिनं विचारलं, "अक्काला कंचा आवडंल?" मी म्हणाले, गुळाचा. तिनं मान हलवली. त्या महिन्यात ती फार थकलेली दिसायची. काम पूर्वीइतकंच होतं, पण ती दर थोड्या वेळानं कुठंतरी टेकून बसायची, आणि बसली की उठताना "आई ग" म्हणायची. मला तेव्हा ती म्हातारी वाटायची. आज हिशेब करते तर ती तुमच्या आईपेक्षाही लहान होती.

त्या वर्षी अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं. अक्का, माधवराव, म्हणजे आमचे जावई, आणि अक्काच्या सासूबाई आदल्या दिवशी बसनं आले. अक्का उतरली तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही; इतकी खाली बघत होती. माधवराव गरीब माणूस. हसायचे, पण हसण्याआधी आईकडे बघून घ्यायचे. सासूबाई मोठ्या बांध्याच्या, हातभर हिरव्या बांगड्या, आणि घरात शिरल्या शिरल्या त्यांनी सगळीकडे नजर टाकली. "दारात रांगोळी न्हाई," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

सकाळी तेल-उटणं झालं, आंघोळी झाल्या, आईनं जावयाला ओवाळलं. याला तिची हरकत नव्हती. तिची हरकत चुलीशी होती. मी भल्या सकाळीच भट्टीतून ट्रे आणले होते. तीन प्रकार केले होते: साधा, गुळाचा आणि सीताफळाचा. पण एक घोटाळा झाला होता. सणासाठी सगळं दूध आधीच बोललेलं असतं, म्हणून मी दही एक दिवस आधी लावून ठेवलं होतं, आणि दिवाळीतला उकाडा आमच्याकडे असा, की चक्का टांगल्या टांगल्या आणखी आंबला. मी साखर वाढवली. पुरेशी नव्हती.

पानं वाढली. वरण, भात, भाजी, पोळी, कोशिंबीर. सासूबाई पानाकडे बघून म्हणाल्या, "पुरी न्हाई, भजं न्हाई. आमच्या उदगीरला ह्याला एकादशी म्हणत्यात." कुणी हसलं नाही, तेव्हा त्या स्वतःच थोडं हसल्या. मग मी तिन्ही प्रकारांचे तुकडे कापून वाढले. माधवरावांनी घास घेतला आणि "चांगलंय" असं पुटपुटले. सासूबाईंनी साध्याचा कोपरा मोडून तोंडात टाकला. चघळला. आणि हात पानावरून मागे घेतला.

"आंबट हाय की हे!" त्या म्हणाल्या. "पहिल्या सणाला जावयाला आंबट वाढायलात? मास्तर, हे काय शकुनाचं हाय का? सण म्हणून बोलावलात, आणि दह्यावर भागवलात."

मी अप्पांकडे बघत होते. त्यांची सगळी सिद्धता त्या एका आंबटपणावर उभी होती. ते आंबट आहे असं म्हणावं तर अक्काचा सण गेला, आणि गोड आहे म्हणावं तर आईला दिलेला शब्द गेला. ते नुसते पानातला भात गोळा करत राहिले.

"चल ग," सासूबाई अक्काला म्हणाल्या, "दुपारच्या गाडीनं निघू. जे काय करायचं ते आपल्या घरी करू. ह्यासाठी एवढा प्रवास केला व्हय आम्ही?"

अक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. लहानपणी मार बसायच्या आधी ती तसं करायची.

आई स्वैपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती आली. हात पदराला पुसले. अक्काच्या पानापाशी खाली बसली, तिच्या पानातला गुळाचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. घाई केली नाही. सबंध तुकडा खाल्ला, बोटाला लागलेलं खाल्लं. आम्ही सगळे बघत होतो. अप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. मग आई म्हणाली, "गोड हाय, विहीणबाई."

सासूबाईंनी पान थोडं पुढे ढकललं.

"माझ्या पोरीनं केलेलं हाय. गोड हाय," आई म्हणाली. "दिवाळीचं गोड हाय हे. खावा तुम्ही." आणि तिनं आणखी एक तुकडा उचलून स्वतःच्या हातानं जावयाच्या पानात वाढला. "खावा माधवराव. सण हाय घरात."

तिचा आवाज रोजचाच होता. कापला नाही की चढला नाही. 'सण' हा शब्द तिनं इतक्या वर्षांत त्या घरात उच्चारला नव्हता, एवढंच.

उदगीर लांब नाही. आमच्या घराची गोष्ट सासूबाईंनाही माहीत होतीच. माहीत होती म्हणून तर निरोप आला होता. मग त्यांनी मुलाकडे बघितलं आणि खेकसल्या, "खा की रे. बघत काय बसलास?" आणि स्वतः गुळाचा तुकडा ओढून घेतला. खाताना मान हलवून म्हणाल्या, "ह्यो गुळाचा बरा लागायलाय. ह्यात काय घातलीस ग पोरी, जायफळ का?" मी व्हय म्हणाले.

हात धुताना त्या अप्पांना म्हणाल्या, "आम्ही उद्या जातो. तुळशीचं लगीन होईस्तोर पोरीला राहू द्या. मग माधव येईल न्यायला." अक्कानं ते ऐकलं, आणि हातातलं तांब्याचं फुलपात्र एवढं घट्ट धरलं, की मीच ते तिच्याकडून काढून घेतलं.

माणसं अशा वेळी रडतात असं पुस्तकांत असतं. आमच्याकडे कुणी रडलं नाही. अप्पा उठून अंगणात गेले आणि उगाच विहिरीच्या रहाटाला तेल देत बसले. आईनं उष्टी काढली, जागा सारवली, उरलेले तुकडे झाकून ठेवले. मग स्वैपाकघरातच चटई ओढली आणि दिवसाढवळ्या आडवी झाली. अक्का जाऊन तिच्या पाठीशी झोपली, लहान असल्यासारखी, गुडघे पोटाशी घेऊन. आईनं मागे हात करून तिच्या अंगावर पदर टाकला, एवढं मी पाहिलं. त्यानंतर दोघी हलल्या नाहीत.

चहाची वेळ झाली. मी चुलीपाशी गेले तर सासूबाई दारातून खुणेनं म्हणाल्या, "भांडी वाजवू नको." दिवेलागण झाली. अप्पांनी आपल्या हातानं देवापाशी दिवा लावला. त्यांना वात नीट वळता येत नव्हती. शेखर गेल्यापासून लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईचा डोळा लागलेला मी कधी पाहिला नव्हता. बाहेर गल्लीत पोरांनी लवंगी माळा लावल्या, मग मोठे बार सुरू झाले, भिंतीवरची भांडी थरथरली. मी जाऊन खिडकी लोटून घेतली. त्याची गरज नव्हती. आईचा श्वास संथ चालला होता; ती उठली नाही.